वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र : अण्णांची पेटी पुन्हा रवाना करा

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि सर्व सभासद,
आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय

विषय : अण्णांच्या जन्मशताब्दीनिमित्त मंजूर झालेले ठराव

सप्रेम नमस्कार,

मागच्या बैठकीत आपण माझे आजोबा, म्हणजे अण्णा, यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तीन ठराव मंजूर केलेत. वरच्या मजल्यावरच्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं, दर्शनी भागात अर्धपुतळा बसवायचा आणि एक स्मरणिका काढायची. कार्यवाहांनी ठरावाची प्रत स्वतः घरी आणून दिली. माझ्या वडिलांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसत बसले. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसंही फारशी उरली नाहीत. तरी मंडळाला त्यांची आठवण राहिली, याबद्दल आम्ही सगळे घरचे आपले मनापासून आभारी आहोत.

पण त्याच बैठकीत चौथाही एक ठराव झाला. संध्याकाळी सहानंतर वृत्तपत्र विभाग बंद करायचा, बालविभागाची खोली रिकामी करून तिथली पुस्तकं माळ्यावर ठेवायची, आणि दुरुस्त केलेलं सभागृह साखरपुडा, बारसं, कंपन्यांच्या बैठका यांसाठी भाड्याने द्यायचं. म्हणजे ज्या सभागृहावर अण्णांचं नाव लागणार, ते वाचकांसाठी बंद आणि भाडेकरूंसाठी उघडं राहणार. हे पत्र मी मंडळाच्या नावे बंद पाकिटातून पाठवू शकले असते. पण वाचनालय सार्वजनिक आहे आणि निर्णयही सार्वजनिक आहे, म्हणून सगळ्या सभासदांसमोर लिहिते आहे. माझं मागणं एवढंच आहे की पुतळ्याचा विचार सोडावा, शताब्दीसाठी जमणारा निधी अण्णांनी सुरू केलेली पुस्तकांची पेटी पुन्हा फिरवण्यासाठी आणि संध्याकाळची वेळ चालू ठेवण्यासाठी वापरावा.

मंडळावर आता जे तरुण सदस्य आहेत, त्यांनी पेटी पाहिलेली नाही. म्हणून ती गोष्ट नीट सांगते.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. १ जून १९४८ ला अहमदनगर ते पुणे ही राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली, त्यानंतर काही वर्षांनी ते नोकरीला लागले. स्टँडवरच्या त्या छोट्या खिडकीमागे बसून, कुठली गाडी किती वाजता कुठे जाते आणि कुठे मुक्कामाला थांबते, हे त्यांना तोंडपाठ होतं. वाचनालयाचे ते तेव्हा साधे सभासद होते. दर रविवारी पुस्तक बदलायला जायचे आणि देवघेवीच्या टेबलावरची वही चाळायचे. त्यांच्या लक्षात आलं, की वहीतली नावं सगळी बाजारपेठेतली आणि पेठेला लागून असलेल्या आळ्यांतली आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावातलं एकही नाव नाही. पुस्तक न्यायला एक खेप, परत करायला दुसरी खेप आणि दोन्ही वेळचं तिकीट. शेतमजुराने हे का करावं?

मग त्यांनी मुक्कामाच्या गाड्यांचा उपयोग करायचं ठरवलं. मुक्कामाची गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतात, आणि पहाटे तीच गाडी दूध, विद्यार्थी आणि कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत येते. अण्णांनी सुताराकडून पेटी करून घेतली. साध्या फळ्यांची, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली, चाळीस-पन्नास पुस्तकं मावतील अशी. झाकणाच्या आतल्या बाजूला पुस्तकांची यादी चिकटवलेली, एका कप्प्यात नोंदवही आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल. महिना झाला की पेटी त्या गावाहून निघायची आणि पुढच्या गावाला जायची. पुढे अशा तीन पेट्या झाल्या आणि अकरा गावं झाली.

कंडक्टर त्यांचेच सहकारी. पेटीचं भाडं कोण मागणार होतं? पण अण्णा प्रत्येक वेळी लगेजचं तिकीट फाडायला लावायचे आणि पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे. "एसटी माझ्या बापाची नाही," असं म्हणायचे. ती तिकिटं त्यांनी एका तारेत ओवून ठेवली होती, मी लहानपणी ती पाहिली आहेत. ह्या खर्चाची एकही पावती त्यांनी वाचनालयाला कधी दिली नाही. त्यामुळे जुन्या ताळेबंदात पेटीच्या वाहतुकीचा खर्च शोधू नका, सापडणार नाही.

गावात पेटी कुठे ठेवायची, यावर त्यांचा विचार फार बारीक होता. सगळे म्हणाले, शाळेत ठेवा. पहिल्या वर्षी ठेवलीही. पण शाळा मे महिन्यात बंद असते आणि शेतातली कामं कमी असल्याने वाचायला सवड असते ती नेमकी तेव्हाच. शिवाय मोठ्या बायका शाळेत पाऊल टाकत नसत. मग अण्णांनी पेटी पिठाच्या गिरणीत ठेवायला सुरुवात केली. गिरणीत प्रत्येक घरातलं माणूस येतं, दळण होईपर्यंत अर्धा-पाऊण तास बसतं, आणि त्यात बायका-पोरी जास्त असतात. परत आलेल्या पुस्तकांना पिठाचा वास यायचा, पानापानांतून पीठ झटकावं लागायचं. समितीतले काहीजण त्यावरून कुरकुरायचे. पण नोंदवहीतली बायकांची नावं गिरणीत पेटी गेल्यापासूनच वाढली, आणि अण्णांना तेवढं पुरेसं होतं.

त्या नोंदवह्या आमच्या घरी आहेत. पाच रकाने आखलेले : वाचकाचं नाव, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना "आणखी काय हवे". हा शेवटचा रकाना अण्णांची कल्पना. काही नोंदी जशाच्या तशा देते. "शेळ्यांच्या रोगावर काही असल्यास." "मोठ्या अक्षराचे पाठवा, म्हातारीला दिसत नाही." "हे फारच रडके निघाले, पुढच्या खेपेला हसायचे द्या." "कोर्टाची नोटीस आली तर काय करावे याचे पुस्तक असते का." "बाळंतपणाची माहिती." ही शेवटची नोंद नावाशिवाय आहे, नावाच्या जागी नुसती एक रेघ ओढलेली. त्यासमोर अण्णांच्या अक्षरात लाल शाईने लिहिलं आहे : "घेतले. पेटीत वर ठेवणे, मागून घ्यावे लागू नये."

मी ग्रंथालयशास्त्र शिकले तेव्हा रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रं वाचली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. परीक्षेसाठी मी ती पाठ केली. पण दुसऱ्या सूत्राचा अर्थ मला लाल शाईच्या त्या एका ओळीत जास्त कळला.

पेटीची कल्पना आपली नाही, हे अण्णा स्वतःच सांगायचे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली, आणि तिथून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत जात. तिकडे दक्षिणेत मन्नारगुडीच्या परिसरात १९३१ मध्ये बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव फिरली. आपल्याकडे मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वर मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागाचं, मग जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि शेवटी गावाचं, अशी साखळी त्या समितीने सुचवली होती. अण्णांचा मुद्दा असा, की साखळीतला तालुक्याचा दुवा म्हणजे आपणच. आपल्याकडून खाली काही गेलं नाही तर साखळी तिथेच तुटते.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल स्मरणिकेत नक्कीच लेख येईल, कारण तेव्हा अण्णांनी धान्य वाटलं असं गावात सांगतात. धान्यवाटपात ते होते, पण त्यात गावातले पुष्कळजण होते. अण्णांनी केलेलं वेगळं काम निराळंच होतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते सायकलवरून पाझर तलावाच्या कामावर जायचे. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली लोक बसले की त्या आठवड्याचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचता वाचता लोक मजुरीचं विचारू लागले. मजुरी मिळायची ती खोदलेल्या मातीच्या आणि फोडलेल्या खडीच्या मोजमापावर, आणि मोजमाप कसं होतं हे मजुराला ठाऊक नसायचं. मस्टरवर अंगठा द्यायचा आणि हातात पडेल ते घ्यायचं. अण्णांनी कचेरीतून दरपत्रक मिळवलं, ते सोप्या मराठीत चार पानांत लिहून काढलं आणि प्रत्येक पेटीत त्याची एक-एक प्रत ठेवली. अर्ज लिहून देण्याचं काम त्यानंतर त्यांच्या मागे लागलं ते कायमचंच. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला, तेव्हा त्याचीही माहिती अशीच पेटीतून गेली. त्यांच्या दृष्टीने कथा-कादंबरी आणि दरपत्रक यांत लहानमोठं काही नव्हतं. माणसाला जे वाचायची गरज आहे ते त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, एवढंच ते बघायचे.

पेटी बंद करा, असं म्हणणारे तेव्हाही होते. मुख्य आक्षेप पुस्तकं हरवतात हा. ती हरवायची, हे खरं आहे. अण्णा दरवर्षी गहाळ पुस्तकांची यादी दाखल क्रमांकासह सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे, एकही लपवायचे नाहीत. एका सभेत फारच गदारोळ झाला तेव्हा ते म्हणाले, पेटीतून गेलेली पुस्तकं मोजलीत, आता कपाटात वाळवीने खाल्लेली मोजू. दुसऱ्या दिवशी खरंच मोजली. वाळवीची संख्या जास्त भरली. त्या सभेचं इतिवृत्त वाचनालयाच्या दप्तरात आहे, आपण ते जरूर काढून पाहावं.

वाळवीचा विषय निघाला आहे तर आजीबद्दल लिहायलाच हवं, कारण ठरावात तिचा उल्लेख नाही आणि स्मरणिकेच्या विषयसूचीतही नाही. पेटीतून परत आलेली खिळखिळी पुस्तकं अण्णा पिशवीत भरून घरी आणायचे आणि बांधणी आजी करायची. मैद्याची खळ शिजवून त्यात मोरचूद घालायची, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्याचा डबा वेगळा, ढवळायची काठी वेगळी, आणि ते काम चालू असेपर्यंत आम्हां मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. दाभणाने भोकं पाडायची, मेणाचा दोरा ओढायची, जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी कण्याला लावायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण कुठलं पुस्तक किती वेळा बांधायला आलं, यावरून ती अण्णांना सांगायची की ह्याची दुसरी प्रत घ्या. आपल्या संग्रहातल्या जुन्या पुस्तकांपैकी कित्येक आज उघडता येतात ती तिच्या हातामुळे. तिला कुणी कधी शाल-श्रीफळ दिलं नाही, तिने ते मागितलंही नाही.

घराने ह्या कामाची किंमत दिली, हेही मला नोंदवायचं आहे, नाहीतर स्मरणिकेत फक्त फुलंच दिसतील. वडिलांच्या आणि आत्यांच्या वाट्याला अण्णा कमी आले. सुट्टीचा दिवस गावांचा, संध्याकाळ वाचनालयाची. बदलीबरोबर मिळणारी बढती त्यांनी नाकारली, कारण पेट्या कोण बघणार. आजीला तो निर्णय आवडला नव्हता आणि तिने तो बोलूनही दाखवला होता. वडील आजही म्हणतात, की अण्णा अकरा गावांचे होते, आम्ही बारावे. ते हे कडवटपणाने म्हणत नाहीत, पण ते खरं आहे. सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाच्या घरात असं होतं, आणि त्याला कौतुकाच्या भाषणात जागा मिळत नाही.

अण्णा निवृत्त झाल्यावरही पेट्या काही वर्षं चालल्या. मग वडाप, म्हणजे खासगी जीपची प्रवासी वाहतूक, सुरू झालं, मुक्कामाच्या गाड्या कमी झाल्या, गिरण्या घरोघरी आल्या, अण्णांचे गुडघे दुखू लागले. कुणी बंद केली असं नाही, ती थांबली. शेवटच्या वहीत शेवटच्या रकान्यातल्या काही मागण्या तशाच राहिल्या आहेत.

आता आजच्या अडचणीकडे येते, कारण मंडळाने चौथा ठराव हौसेने केलेला नाही, हे मला समजतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. देशात असा कायदा फार थोड्या राज्यांनी इतक्या लवकर केला आणि त्याच्यामुळेच आपल्यासारखी हजारो वाचनालयं उभी राहिली. पण अनुदान कधीच पुरलं नाही. २०१२ नंतर अनेक वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ बंद होती. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी खेड्यातल्या 'ड' म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याला ४ हजार. त्यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज. आपला वर्ग वरचा आहे, आपली स्थिती त्याहून बरी आहे, पण आपल्याही ग्रंथपालांना जे हातात पडतं त्यात घर चालत नाही. हप्ता उशिरा आला की आपण उसनवारी करतो. अशा वेळी सभागृहाचं भाडं हे उत्पन्नाचं साधन वाटणं साहजिक आहे. सभागृह रिकाम्या वेळी भाड्याने द्यायला माझा विरोधही नाही. बालविभाग आणि संध्याकाळचे वाचक यांना बाहेर काढून ते देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

संध्याकाळी सहानंतर कोण येतं, हे आपल्या ग्रंथपालांना विचारा. बाजार समितीतले हमाल, दुकानांतली नोकर माणसं, रात्रपाळीला जायच्या आधी अर्धा तास बसणारे पहारेकरी, निवृत्त मास्तर. यातल्या मास्तरांना दुपारी येता येईल, बाकीच्यांना येता येणार नाही. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, अशांसाठीच तर मुक्तद्वार विभाग असतो. आणि मुलांची पुस्तकं एकदा माळ्यावर गेली की ती खाली येत नाहीत. मी ग्रंथालयातच नोकरी करते, हे पाहिलेलं आहे. आधी पुस्तकं माळ्यावर जातात, मग मुलं येईनाशी होतात, मग तपासणीच्या वेळी बालविभागाचा फलक तेवढा पुसून पुन्हा लावला जातो.

पेटीबद्दल पहिला प्रश्न येईल तो मोबाइलचा. सगळ्यांच्या हातात फोन असताना पुस्तकांची पेटी कोण उघडणार? त्या अकरा गावांपैकी काही गावांत मी अलीकडे जाऊन आले. एका गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली भेटल्या. त्यांच्याकडे एकच मार्गदर्शक पुस्तक होतं आणि त्याच्या झेरॉक्स प्रती, त्यातलीही मधली पानं गायब. फोन दोघींकडे होते. तालुक्याच्या अभ्यासिकेत का येत नाही, असं विचारलं. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण यायला-जायला दिवस मोडतो आणि घरची जनावरं कोण बघणार? हेच उत्तर अण्णांच्या वेळच्या शेतमजुराने दिलं असतं. दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या पैशाने गोष्टींची पुस्तकं आणून ठेवली होती आणि मुलांनी ती इतकी हाताळली होती की मुखपृष्ठं उरली नव्हती. वाचणारे नाहीत, असं मला कुठेही दिसलं नाही.

पेटी कशी चालवायची, याचा थोडा विचार मी केला आहे. अकरा गावं एकदम नकोत, चार घ्यावीत. चारांपैकी निदान एक असं असावं जिथे 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, म्हणजे त्या वाचनालयाला नवी पुस्तकं विकत न घेता दर महिन्याला बदलून मिळतील. पेटी ठेवायची जागा गावानेच ठरवावी. आता गिरणी नसेल तर दूध संकलन केंद्र असेल, अंगणवाडी असेल, बचत गटाच्या बैठकीची खोली असेल. जिथे बायका सहज येतात ती जागा, एवढी एकच अट. पुस्तकं चांगली द्यावीत. बाद करायला काढलेली जीर्ण पुस्तकं खेड्यात पाठवून हात झटकायचे, असं पूर्वीही सुचवलं गेलं होतं आणि अण्णा त्यावर फार चिडले होते. निम्मी पुस्तकं मुलांची असावीत, काही स्पर्धा परीक्षेची, काही शेतीची आणि कायद्याची, बाकी कथा-कादंबऱ्या. वहीत शेवटचा रकाना असावाच. आणि त्या रकान्यात आलेल्या मागण्या ग्रंथनिवड समितीपुढे वाचून दाखवणं बंधनकारक करावं, नाहीतर तो रकाना शोभेचा होईल.

पुतळ्यासाठी आम्हा कुटुंबीयांकडून जी रक्कम द्यायचं वडिलांनी कबूल केलं होतं, ती ते ह्या कामासाठी देतील, त्यांच्याशी बोलूनच लिहिते आहे. पुतळ्याच्या अंदाजपत्रकातला बाकी खर्च आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून जमणारे पैसे मिळून संध्याकाळसाठी एक अर्धवेळ ग्रंथसेवक नेमता येईल. नेमणूक करताना चार गावांतल्याच एखाद्या मुलीचा विचार झाला तर फार बरं. सभागृहाला नाव द्यायचं झालंच, तर ते अण्णांचं एकट्याचं देऊ नये, आजीचंही द्यावं. स्मरणिकेबद्दल माझा आग्रह नाही, पण काढलीत तर नोंदवह्यांमधली काही पानं छायाचित्रांसह जशीच्या तशी छापा. आमच्यासारख्या नातेवाइकांच्या लेखांपेक्षा त्यांतून अण्णा जास्त कळतील.

मंडळाकडे माझी औपचारिक विनंती अशी, की चौथ्या ठरावाची अंमलबजावणी पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत थांबवावी आणि त्या सभेच्या विषयपत्रिकेत "फिरती ग्रंथपेटी व संध्याकाळची वेळ" हा विषय घ्यावा. आजीव सभासद या नात्याने मी तसा लेखी अर्ज कार्यालयात दिला असून त्याची पोच घेतली आहे. अण्णांच्या नोंदवह्या, गहाळ पुस्तकांच्या याद्या आणि दरपत्रकाची ती चार पानं पाहण्यासाठी मंडळाने कुणालाही घरी पाठवावं, वडील रोज सकाळी घरीच असतात. मूळ वह्या वाचनालयाच्या दप्तरात ठेवायच्या असतील तर पावती देऊन न्याव्यात, आमची हरकत नाही. सभेच्या दिवशी मी स्वतः येईन आणि चार गावांतून ज्यांना बोलायचं आहे त्यांनाही बोलवावं, असं सुचवते. ते सभासद नसतील, पण निमंत्रित म्हणून त्यांना बसू द्यायला मंडळाची हरकत नसावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अण्णांची नात
(आजीव सभासद)